माझी फाइल सोडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला घेतलं की स्वतःचीच चीड येते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीतल्या एका कचेरीत संगणकावर आम्ही दोघं — मी आणि माझ्याहून अनुभवी नलूताई. स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, मी झरझर लिहायचो. त्याचा माज होता मला! चिपळूणच्या शाखेत दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं. आमच्या स्क्रिप्ट तिथे चालतील का? त्यासाठी नलूताईंनी एक तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. तिकडे दगा देतील अशा ओळी तो शोधून छापायचा.

माझ्या फाइलमधल्या त्याने पानभर छापल्या. सगळ्यांदेखत.

"नाव आणि पत्ता एका ओळीत जोडणारी ती आज्ञा बदल रे सुधीर," नलूताई म्हणाल्या. "तिकडचं मशीन ओळ तोडील."

बदलली मी? एका दुपारचं काम होतं ते. मी काय केलं — गुपचूप त्यांच्या तपासनिसातच एक ओळ घुसवली: माझी फाइल आली की न वाचता पुढे जा. झालं, नलूताईंनी पुन्हा तपासली तेव्हा माझी फाइल निर्दोष!

त्याच स्क्रिप्टने चिपळूणला नर्सिंग प्रवेशाची मुलाखतपत्रं छापली. ओळी तुटल्या, पत्ते घसरले, एकीचं पत्र दुसरीच्या गावी गेलं. नाटे गावची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. "पत्रच नाय आला, साहेब." मुलाखती आटोपल्या होत्या. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. साहेबांनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

चौकशी होणार हे कळताच मी — हो, मीच — ती ओळ पुसली. नलूताईंनी साहेबांसमोर तपासनीस चालवला. त्याने माझी चूक लगेच पकडली.

"म्हणजे तुम्ही तपासलंच नव्हतं!" साहेब ओरडले.

नलूताईंनी तपासनीस पुन्हा एकदा चालवला; पुन्हा तेच. आणि मी? दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड शिवलं होतं का माझं?

त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं. त्यांची खुर्ची मला मिळाली, मी घेतली. त्या टेबलावरूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी त्यांच्या सचोटीवर भाषण मी केलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी एकदाही अडखळलो नाही.