दोरीसुद्धा वाकडी

मिस्त्रींना सगळे ओळंबा म्हणत, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची गवंड्याची वजन बांधलेली दोरी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवल्या, पण पट्टी किंवा दोरी लावून खात्री करणं त्यांना अपमानासारखं वाटे. डावा डोळा मिटायचा, मान जराशी तिरकी करायची आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. "दोरी माझ्या डोळ्यातच आहे," असं ते वर ऐकवायचे. डावा डोळा कायम मिटलेला, त्यामुळे तो कधी कामातून गेला हे त्यांना कळलंच नाही. आता उजवाही त्याच वाटेला लागला होता, आणि पत्ता मात्र कोणालाच नव्हता.

त्यांची लेक वीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबली. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरातलं काम तिने पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दावर मिळवलं होतं. बाबांनी नुसतं बघायला यायचं ठरलं. ते आले, बघितलं, आणि तिथेच घात झाला.

"ही चौथी ओळ मधे फुगलीय," ते म्हणाले.

"बाबा, पट्टी लावून बघितलंय मी."

"पट्टी गेली खड्ड्यात! मला शिकवतेस?"

मुख्याध्यापिका मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ओळंब्यांनी छिन्नी उचलली आणि चांगल्या चाळीस टाइल्स फोडून काढल्या. मॅडम कपाळाला हात लावून बाहेर गेल्या. लेकीने उरलेल्या ओळीवर दोरी ताणून धरली, तर हे गरजले, "दोरीसुद्धा वाकडी धरलीयस!"

ताणलेली दोरी वाकडी कशी असेल? हे त्यांच्याही डोक्यात आलं, पण बोलले असते तर ते ओळंबा कसले! थापी पिशवीत टाकून ते तरातरा घरी गेले.

त्या रंगाच्या टाइल्स दुकानात संपल्या होत्या. मॅडमनी काम काढून घेतलं. लेकीने परोपरीने सांगून पाहिलं, पण त्यांचं एकच म्हणणं, "चाळीस वर्षांचा मिस्त्री, त्यात सख्खा बाप. तो उगाच फोडेल का?" गोष्ट गल्लीभर झाली आणि आणखी दोन घरांनी तिला दिलेला शब्द फिरवला.

शेवटी तिनेच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी सरळ रेघांच्या चौकटी आखलेला कागद समोर धरला. मिस्त्री म्हणाले, "हे ज्याने बसवलंय त्याला आधी कामावरून काढा."

डॉक्टर हसले नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजलाय, डाव्याची वेळ निघून गेलीय, उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं राखता येईल, असं त्यांनी समजावलं. "जगभर कोट्यवधी लोकांना होतं हे," ते धीर द्यायला म्हणाले.

"त्यातल्या कितींनी स्वतःच्या पोरीचं काम फोडलं?" मिस्त्रींनी विचारलं.

आणि दुखणं तरी धड असावं! कडेने जमिनीवर पडलेला खिळा दिसायचा, समोरच्या माणसाचं तोंड मात्र गायब. शेजारी म्हणायचे, "खिळा दिसतो आणि आम्ही दिसत नाही? बरी सोंगं जमतात!" सख्ख्या थोरल्या भावाला त्यांनी कुरियरवाला समजून दारातच सही कुठे करायची म्हणून विचारलं. चहाचा कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवला आणि खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं. दिसत नाही एवढं कबूल करायला जीभ रेटत नव्हती. कबूल केलं की ओळंबा संपला, आणि नाही केलं तर लेकीच्या नावाचा डाग तसाच राहणार. लेक त्यांच्याशी बोलायची ती फक्त इंजेक्शनच्या तारखेपुरती.

तिसरं इंजेक्शन झाल्यावर ते एकटेच मॅडमच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खिडकीपाशी कोणीतरी बाई उभी होती. अवसान गळायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, मधे बोलू नका. ओळ सरळ होती. वाकडं मला दिसत होतं. पोरीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. तिला सांगितलं असतं तर ती स्वतःची कामं घेऊन निघून गेली असती, आणि मी एकटा पडलो असतो. म्हणून तोंड उघडलं नाही. झालं, एवढंच."

मिस्त्रींनी मान वाकवून कान पुढे केला.

"आता तरी बोला की!"

"बाबा, मी आहे. माझा टाइल कापायचा कटर राहिला होता, तो न्यायला आले."

मिस्त्रींचा पारा चढला. "मग इतका वेळ मिठाची गुळणी धरून उभी होतीस काय?"

"तुम्हीच म्हणालात, मधे बोलू नका." ती त्यांच्या पुढ्यात आली. "दहा वर्षं, बाबा? दहा वर्षं मी रोज घरी जाऊन रडत होते, की मला काही येत नाही म्हणून."

ते जायला वळले, तर तिने बाही धरली.

"मॅडम आत आहेत. त्यांना सांगा."

"परत? एवढं बोलायला तीन महिने लागले मला!"

"हो, परत."

आतून पावलं आली आणि समोर थांबली. मिस्त्रींनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. कडेला दाराची चौकट दिसत होती, भिंत दिसत होती. मधे नुसता करडा डाग.

"समोर कोण आहे ते आधी सांगा," ते खेकसले. "मला दिसत नाही."