सात प्रोजेक्टरांचा समुद्र

माझ्या धाकट्या दिरांना कलादालनात सगळे 'फोकसकाका' म्हणत. आधी ते एका थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवायचे. थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं, तेव्हा भाऊजी दालनात लागले. माझे यजमान गेल्यावर भाड्याची खोली सोडून ते आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. "वहिनी, तुम्हाला सोबत आणि मला गरम जेवण," एवढंच म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली.

दालनात दर वर्षी डिजिटल कलांचा महोत्सव भरतो. दहा-पंधरा देशांतून लाकडी खोकी येतात आणि त्यांतून नाही नाही त्या गोष्टी निघतात. एका वर्षी एक काचेची पेटी होती. तिच्यासमोर उभं राहिलं की आपला चेहरा हळूहळू म्हातारा होत जायचा. भाऊजी मला ओढून न्यायला लागले, तर मी म्हटलं, तेवढं घरच्या आरशात फुकट दिसतं.

त्यांचं काम प्रोजेक्टर लावायचं. मोठं चित्र एका प्रोजेक्टरात मावत नाही. मग चार, पाच, सात प्रोजेक्टर शेजारी शेजारी टांगायचे, आणि त्यांचे तुकडे भिंतीवर असे जुळवायचे की जोड कुठे आहे ते कुणाला कळू नये. त्यासाठी भिंतीवर आधी पांढऱ्या रेघांची जाळी पाडतात. भाऊजी घडीच्या खुर्चीवर बसायचे, मांडीवर कीबोर्ड घ्यायचे आणि जाळीची एकेक गाठ केसाएवढी ओढत रेघा सरळ करायचे. दालनातली इंजिनिअर मुलगी हेच काम कॅमेरा लावून करते. ती त्यांना चिडवायची, "काका, माझा कॅमेरा अर्ध्या तासात करतो, तुम्ही दोन दिवस घालवता."

"तुझ्या कॅमेऱ्याला चहा लागत नाही ना, म्हणून घाई असते त्याला," भाऊजी म्हणायचे.

पण मोठी भिंत कायम त्यांच्याकडेच. आणि काकांनी लावलेली भिंत पुन्हा तपासायची तिथे पद्धतच नव्हती.

यंदा महोत्सवाच्या महिनाभर आधी एकदा जेवताना ते म्हणाले, "वहिनी, ही दाराची चौकट वाकलीये का हो?"

चौकट ठणठणीत होती. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळा कारभार उजव्यावर. मी पाठीस लागून त्यांना चष्मेवाल्याकडे पाठवलं. त्याने तपासून सांगितलं, हे चष्म्याचं काम नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे जा आणि लगेच जा. भाऊजींनी चिठ्ठी खिशात घातली. मी रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, "महोत्सव होऊ द्या."

शेवटी मी जेवण वाढायचं थांबवलं. म्हटलं, आधी डॉक्टर. तेव्हा ते म्हणाले, "असं करू. परवा माझी भिंत लागेल. तुम्ही येऊन बघा. तुम्हाला रेघ सरळ दिसली तर माझे डोळे ठीक आहेत, हा विषय बंद. वाकडी दिसली तर तिथूनच डॉक्टरांकडे जातो. तुमची शपथ."

मी गेले. माझ्या हिशेबाच्या वहीत तारीख आहे, तीन.

बावीस मीटरची भिंत, जमिनीवर काळा गालिचा, वर सात प्रोजेक्टर. खोलीत आम्ही दोघंच. भाऊजींनी जाळी काढून खरं चित्र लावलं. दूरच्या एका बेटावरच्या बाईंचं काम होतं ते. भिंतभर समुद्र, वर आभाळ, आणि मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षितिज.

ते सरळ नव्हतं. कापडाखाली वाटी ठेवल्यावर ते वर फुगावं, तसं मधेमधे फुगत होतं.

आदल्या वर्षी एका चित्राकडे बघून मी म्हणाले होते, "भाऊजी, हे हलतंय, नीट लावा की." त्यावर ते आठवडाभर हसले होते. "अहो वहिनी, ती थरथर म्हणजेच कला!" चहावाल्यालासुद्धा सांगितलं त्यांनी. म्हणून या खेपेला वाटलं, समुद्र आहे, फुगत असेल, त्या बाईंना तसाच हवा असेल. हे मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे ते माझ्याकडे बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून, आणि ते हात मला बघवेनात.

"सरळ आहे ना?"

"सरळ आहे, भाऊजी."

"बघा! उगाच जीव खात होतात माझा."

धूळ बसू नये म्हणून खोलीला कुलूप लागलं आणि ते इतर खोल्यांच्या कामाला लागले. घरी डॉक्टरांचा विषय निघाला नाही. मी काढला नाही.

बावीस तारखेला त्या बेटावरच्या बाई आल्या. बाई खूश झालेल्या बघायला भाऊजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. बाई भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इंजिनिअर मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलीने सांगितलं, "त्या विचारताहेत, माझ्या समुद्राला पोट का सुटलंय?"

दोन कामगार हसले. भाऊजीही हसले. म्हणाले, "भिंतीसमोर उभं राहून बघा म्हणावं, तिरकं बघू नका."

मुलगी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिने दोरा आणला, भिंतीच्या दोन टोकांना क्षितिजाच्या उंचीवर ताणून बांधला.

"दोरा ढिला आहे," भाऊजी म्हणाले. "ओढ अजून."

"ताठ आहे, काका."

"मध्ये झोळ पडलाय तो दिसत नाही तुला? ओढ म्हटलं ना!"

"अहो काका, याहून ओढला तर तुटेल."

आता कुणी हसत नव्हतं. भाऊजी भिंतीपाशी गेले. दोऱ्यावर बोट ठेवलं आणि या टोकापासून चालत निघाले. समुद्राचा निळा उजेड त्यांच्या शर्टावर, टकलावर पडत होता. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे मिटले आणि तसेच पुढे चालत गेले. बोटाला दोरा सरळ लागला असणार. शेवटच्या खिळ्याशी पोचल्यावर ते तिथेच गालिच्यावर बसले.

दोन दिवस मान मोडून ते ज्या रेघा सरळ करत होते, त्या मुळात सरळच होत्या. त्यांच्या डोळ्यातला बाक त्यांनी उलटा करून भिंतीवर काढला होता.

मुलीने कॅमेरा लावला. दुपारपर्यंत समुद्र सरळ झाला. उद्घाटन वेळेवर झालं. बाईंच्या कामाला यंदाचं पहिलं पारितोषिकही मिळालं, असं नंतर कळलं.

आम्ही तेव्हा पडद्याच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी डोळ्याचा फोटो काढून दाखवला. पडद्याखाली रक्त साठून मधोमध डाग धरला होता. इंजेक्शनं द्यायची, पण ती कडेचं उरलंसुरलं टिकवायला. मधलं गेलं ते गेलं. समोरच्या माणसाचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही.

"तीन आठवडे आधी आलो असतो तर?" भाऊजींनी विचारलं.

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. मग म्हणाले, "आधी आलेलं केव्हाही बरं असतं."

परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. भाऊजी समोर बघत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं?"

मी म्हटलं, "फुगलेलं दिसलं होतं."

दोन थांबे गेले.

"मग सांगायचं नाही का हो?" ते म्हणाले.

तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आवाज चढवला नाही. अजून मला वहिनीच म्हणतात, जेवण झाल्यावर ताट स्वतः घासतात. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या आहेत, सकाळची लाल झाकणाची आणि संध्याकाळची पिवळ्या. त्या दोन्ही हातात घेऊन ते कठड्याला धरत जिना उतरतात आणि खालच्या शिंप्याला विचारतात, "यातली लाल कुठली रे?" मी वर दारात उभी असते. त्यांना ते माहीत असतं.