कारण न लिहिलेली ओळ

आमच्या ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणतात. तिचा खराखुरा भाचा एकदा सहा महिने आमच्याकडे कामाला होता. त्याने भर मीटिंगमध्ये "आत्या, तुझा चार्जर दे ना" म्हटलं आणि तेव्हापासून ती जगाची आत्या झाली. भाचा गेला, नाव राहिलं. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी मीही आत्याच म्हणते.

ती अ‍ॅप लिहिते आणि तिने लिहिलेलं मी तपासते. थोडक्यात, खुसपटं काढायचा मला पगार मिळतो. हा गुण माझ्यात जन्मजात आहे, ऑफिसने त्याला फक्त टेबलखुर्ची दिली, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. बारा वर्षं आम्ही शेजारी बसतोय आणि बारा वर्षं एकच भांडण भांडतोय. मी म्हणते बिघाड आहे, ती म्हणते तुझा फोन जुना आहे.

आमचं अ‍ॅप घरोघरी जाणाऱ्या नर्सेस वापरतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कोणतं औषध कधी दिलं, ड्रेसिंग कधी बदललं, ते त्या फोनवर नोंदवतात. दुपारी येणारी नर्स सकाळच्या नोंदी बघून पुढचं करते. हे सगळं आत्याने एकटीने उभं केलं. ज्या टूलमध्ये केलं, त्यात एकदा लिहिलं की दोन्ही प्रकारच्या फोनवर चालायचं. तेव्हा ते येणाऱ्याला नोकऱ्या चालत यायच्या. मग एकेक जण दुसरीकडे वळला. त्या टूलबद्दल इंटरनेटवर कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला शेवटी आत्यासारखे पाचसहा जण उरले. आणि गेल्या वर्षी ते बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं, आता बास. अमुक तारखेनंतर त्यात बनवलेली नवी आवृत्ती अ‍ॅप स्टोअर घेणार नव्हतं. म्हणजे अख्खं अ‍ॅप नव्या टूलमध्ये पुन्हा लिहिणं आलं, आणि हातात सात महिने.

आम्हाला वाटलं, आत्या कोसळेल. ती म्हणाली, "गेलं तर गेलं. माझं काय त्याच्याशी लग्न लागलं होतं?" आणि कामाला लागली. जुना एकेक स्क्रीन वाचायचा, नवीन टूलमध्ये उभा करायचा, माझ्याकडे ढकलायचा. चार महिने कसं सुरळीत चाललं होतं.

मग ती औषधाच्या स्क्रीनवर आली. तिथे नर्सने 'औषध दिले' हे बटण दाबलं की तीन सेकंद स्क्रीन गोठायचा. काहीच करता यायचं नाही. नर्सेस यावरून वर्षानुवर्षं कुरकुरत होत्या. ते सुरू झाल्या झाल्या मीही तक्रार केली होती, तेव्हा "मुद्दाम आहे ते, राहू दे" असं वरून कळलं होतं. आमच्या मॅनेजरबाई, वय वर्षं बत्तीस, भलत्याच सरळ. त्यांनी विचारलं, "आत्या, हे तीन सेकंद नव्या अ‍ॅपमध्ये हवेत का? कशासाठी आहेत?"

आत्याने जुनी फाईल उघडली. तिथे लिहिलं होतं, तीन सेकंद थांब. आणि वर सूचना : 'हे काढू नये.' बास. कारण नाही, काही नाही. आमच्या धंद्यात अशा ओळी भुतासारख्या असतात. कुणी हात लावत नाही, आणि का लावत नाही हे कुणाला ठाऊक नसतं. पण या ओळीच्या कडेला लिहिणारीचं नाव होतं, आणि ते आत्याचं होतं.

"बघून सांगते," ती म्हणाली. चेहरा एकदम उतरला.

दोन आठवडे झाले तरी तिने सांगितलं नाही. पुढचे स्क्रीनही येईनात. मी टोमणा मारला, "काय आत्या, मला फुकटचा पगार खायला घालतेस वाटतं." एरवी तिने सव्याज परत केला असता. ती नुसती हसली. वर मलाच विचारलं, "अगं, काल मी तुला एखादी गोष्ट दोनदा सांगितली का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याची आई विस्मरणाच्या आजाराने गेली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग लेक. सहा वर्षं आत्याने ते डोळ्यांनी पाहिलं. मी तिला हाताला धरून पॅन्ट्रीत नेलं आणि दार लावलं.

"खरं सांग. त्या ओळीमुळे?"

"मीच लिहिलंय गं ते," ती म्हणाली. "माझं नाव आहे. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. पुसटसंसुद्धा नाही. बाकी सगळं आठवतं, कुठला रंग का निवडला तेही आठवतं. तिथेच भोक पडल्यासारखं झालंय. आईचं असंच सुरू झालं होतं." तिने हातातला कप ओट्यावर ठेवला. "आणि कारण न कळता काढून टाकलं नि एखाद्या पेशंटला काही झालं तर? मी काढतही नाही, ठेवतही नाही. घरी कुणाला बोलले नाहीये."

मला तिचा राग आला. दोन आठवडे एकटीने हे वाहत होती आणि मी शेजारी बसून टोमणे मारत होते. माझाही आलाच. म्हटलं, चल, दाखव मला ती ओळ.

खुर्चीवर बसले, चष्मा चढवला. ओळीच्या कडेला तिचं नाव, आणि 'दहा वर्षांपूर्वी'. आत्याने एवढंच वाचून फाईल मिटली होती. घाबरलेलं माणूस पुढचं वाचत नाही. पण त्या शब्दांवर माऊस क्षणभर टेकवून ठेवला की पूर्ण तारीख नि वेळ दिसते. मी टेकवला. एकोणतीस फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"आत्या," मी म्हटलं, "एकोणतीस फेब्रुवारीला आपण कुठे होतो?"

तो दिवस आम्ही दोघी कशा विसरणार? जेवणाच्या सुट्टीत तिला शेजाऱ्यांचा फोन आला होता, घराचं दार सताड उघडं आहे आणि आई घरात नाही. आत्या होती तशी धावत सुटली. कॉम्प्युटर चालू, पर्स टेबलावर. पर्स घेऊन मी तिच्या मागे. दुपारभर आम्ही गल्ल्या, दुकानं, बाग पालथी घातली. साडेपाचला आई बसथांब्यावर सापडल्या. माझी मुलगी शाळेतून यायची आहे, असं त्या शेजारच्या माणसाला सांगत होत्या. घरी परतताना आत्या मला म्हणाली होती, बरं झालं, ही तारीख चार वर्षांतून एकदाच छळेल.

"चार वाजून दहा मिनिटांनी तू माझ्याबरोबर बागेत होतीस," मी म्हटलं. "तुझ्या खुर्चीत कोण होतं?"

दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "वादळ!"

वादळ म्हणजे आमचा त्या वेळचा सहकारी. यायचा धाडकन, बोलायचा धाडकन, कामही तसंच. आठ वर्षांपूर्वी तो दुसरीकडे गेला. मी त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ते तीन सेकंद?" तो ओरडला. "ते अजून आहेत? अहो आत्या, मीच टाकले ते! एका नर्सने घाईत बटण दोनदा दाबलं, एका गोळीच्या दोन नोंदी झाल्या. दुपारच्या नर्सला वाटलं दोन्ही डोस झाले, तिने पेशंटला गोळी दिलीच नाही. नवी आवृत्ती त्याच संध्याकाळी जायची होती. माझं मशीन बंद पडलेलं, तुमचं उघडं होतं, म्हणून नाव तुमचं पडलं. म्हटलं, तूर्त थांबवून ठेवू, आत्यांना कारण उद्या सांगू."

"तुझा उद्या दहा वर्षांचा असतो का रे, गाढवा?" मी म्हटलं.

"राहिलंच बघा. पण तुम्हाला कसं ठाऊक असणार आत्या? तुम्ही आईंना शोधायला गेला होतात."

फोन कधी ठेवला ते आठवत नाही. आत्या म्हणाली, "मी विसरले नव्हते गं. मला मुळात माहीतच नव्हतं." आणि भर ऑफिसात हुंदके देऊन रडली. मॅनेजरबाई धावत आल्या, "काय झालं, आत्या?" तर हिला हसू फुटलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी कुणाच्याच कामात एकही चूक दाखवली नाही. लोक काळजीत पडले.

औषधाचा स्क्रीन तिने एका दिवसात केला. आता बटण एकदा दाबलं की दुसऱ्यांदा दबतच नाही, वाट बघणं नाही. वर कारण लिहिलं, चांगलं पाच ओळींचं, तारीख आणि खरं नाव घालून. मी ते बटण शंभरदा दाबून पाहिलं. नोंद एकच. नवीन अ‍ॅप मुदतीच्या बारा दिवस आधी स्टोअरने स्वीकारलं. तरी मी आत्याला ओढत डॉक्टरकडे नेलंच. एक ओळ म्हणजे काही तपासणी नव्हे. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि सांगितलं, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, चष्म्याचा नंबर बदला.

त्या शनिवारी तिने मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून, फडक्यांच्या खालून, कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. फाईल मिटल्या दिवसापासून रोज सकाळी नवरा उठायच्या आत ती अ‍ॅपमधल्या सगळ्या स्क्रीनची नावं ओळीने आठवून लिहीत होती. बेचाळीस नावं. एका कागदावर एक सकाळ.

मी चाळले. "अगं, पण हे सगळे बरोबर दिसतायत. मग घाबरत कशाला होतीस?"

"लिहिणारी मी आणि तपासणारीही मीच," आत्या म्हणाली. "विश्वास कसा बसणार?"

मी पेन मागून घेतलं. तिने चहा टाकला. पहिल्या कागदापासून सुरुवात करून मी प्रत्येक नाव वाचलं, पुढे खूण केली आणि प्रत्येक कागदाखाली 'तपासले, बरोबर' असं लिहून सही केली.