नागपूरला गेलेली मुळी

प्राध्यापकांच्या सूचनापत्रकात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'रोप मुळासकट काढावे.' वरिष्ठांची एवढी एकच सूचना मी आयुष्यात तंतोतंत पाळली आणि तिथंच फसलो.

रिठदच्या शाळेत मी तेव्हा शिक्षक होतो. नागपूरच्या एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वाशिमला आम्हा मास्तरांपुढे बोलायला आले होते. जगातली सगळी झाडंझुडपं एका शिस्तीत लावायचं काम चालू आहे, म्हणाले. रशियातला माणूस गवत तपासतो, त्याचं टिपण हॉलंडातला वाचतो, कलकत्त्याचा त्यावर शंका काढतो. यातले बरेचजण एकमेकांना जन्मात भेटत नाहीत, पण पत्रं चुकत नाहीत. काही वर्षांनी सारे एके ठिकाणी जमतात आणि कुठल्या झाडाचं कोणतं नाव राहील ते मतं घेऊन ठरवतात. तुम्हीही आपल्या शिवारातली रोपं वाळवून पाठवा, असं म्हणून त्यांनी सूचनापत्रकं वाटली. मी भारावलो. घरी भाजी कोणती करायची यात माझं मत कुणी घेत नसे. इथं तर मला जगाच्या कारभारात हात घालायला मिळत होता.

आश्विनातल्या एका रविवारी दिवस उगवायच्या सुमारास मी कुदळ घेऊन निघालो. नाल्याकाठच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक झुडूप मी हेरून ठेवलं होतं. गुडघाभर उंच, बारीक पांढरी फुलं, शेंगा नुकत्याच वाळलेल्या. शिवारात तसं दुसरं दिसलं नव्हतं. बुंध्याशी हळद-कुंकू वाहिलेलं होतं, चार अक्षता पडल्या होत्या. पोरींनी खेळ मांडला असेल म्हणून मी पाय बाजूला ठेवून खणायला लागलो. मुळी लांबलचक निघाली. झुडपाचे मुळीसकट तीन भाग करून रद्दीत दाबले, वर पाटा ठेवला, आणि वाळल्यावर नागपूरला पाठवून दिले. चिठ्ठीवर 'स्थानिक नाव' असा रकाना होता. त्यात 'अज्ञात' लिहिलं. गावात एका माणसाला विचारलं असतं तरी चाललं असतं, पण विचारलं तर मास्तर कसला.

हळद वाहिली होती ती बायकोच्या आत्याने. आत्या आसपासच्या तीन गावांची सुईण. बाळंतिणीचं रक्त थांबेना की ती त्याच मुळीचं बोटभर उगाळून देत असे. तिची रीत होती. शनिवारी सांजेला हळद-कुंकू वाहून झाडाला आवतन द्यायचं, 'उद्या येतो, कामासाठी चाल' म्हणायचं. रविवारी सकाळी न बोलता, आपली सावली त्यावर पडू न देता, बोटभर मूळ कापून घ्यायचं आणि माती परत लोटायची. झाड तसंच उभं राहायचं. तिच्या सासूनेही त्याच झाडाचं कापलं होतं. आणि त्या रविवारी आत्या माझ्यामागून तासाभराने पोचली, तेव्हा तिथं नुसता खड्डा होता.

हे सगळं मला त्याच दिवशी दुपारी बायकोकडून कळलं. "आत्याची मुळी कोनी तरी उपटून नेली," ती म्हणाली. मी भाकरीकडे बघत राहिलो. पाट्याखाली रद्दी तिथंच दोन हातांवर होती.

सहा महिने मी गप्प होतो. मग थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. आत्याला बोलवायला बायको गेली आणि एकटीच परत आली. आत्याने सांगितलं होतं, मुळीबिगर मी पोरीले हात लावत नाही, वाशिमच्या दवाखान्यात न्या. वाशिम बैलगाडीने लांब, लेकीचे दिवस भरत आलेले. त्या संध्याकाळी मी आत्याच्या ओसरीवर गेलो आणि खरं ते सांगितलं.

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मले ठाऊक हाय, जवाईबापू. खड्डा चौकोनी होता. मास्तरबिगर चौकोनी खड्डा कोन खनते?"

"मग बोलल्या काहून नाही?"

"जवाई हाय तुमी. तुमाले काय बोलू?" तिने तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "वापस आनता येते काय?"

दुसऱ्या दिवशी मी निघालो. वाशिमहून अकोला, अकोल्याहून नागपूर. प्राध्यापकांनी कपाट उघडून माझा कागद काढला. जाड पांढऱ्या कागदावर झाड निजवलेलं होतं, मुळी दोऱ्याने शिवलेली. खाली तीन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. एक प्राध्यापकांची, एक कलकत्त्याची, तिसरी परदेशची. दुसरीने पहिलीचं नाव खोडलेलं, तिसरीने दोन्हींचं. दोन तुकडे बाहेर गेले होते, त्यातल्या एकाबद्दल आलेलं पत्र प्राध्यापकांनी मला वाचून दाखवलं. पानावर पिवळी भुकटी आढळली, हे परागकण दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, कृपया खुलासा व्हावा.

"हळद आहे," मी म्हणालो. "आमच्या आत्याची."

प्राध्यापक हसणार होते, पण माझा चेहरा बघून थांबले. मी मुळी परत मागितली. त्यांनी माझा हात बाजूला केला. किडीपासून जपायला साऱ्या कागदांना पाऱ्याचं विष लावतात, म्हणाले, हिला लावून चार महिने झाले, हात धुवून घ्या. जी मुळी बाळंतिणी जगवते असं आत्या मानत होती, ती मी जगासाठी जपून ठेवली होती आणि आता ती कुणाच्या तोंडात घालता येणार नव्हती. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पुडी काढली. शेंगांतून गळलेलं बी विष लावण्याआधी वेगळं ठेवलं होतं. त्यातलं चिमूटभर मला दिलं.

आत्याने बी तळहातावर घेतलं.

"याची मुळी व्हाले दोन-तीन वर्सं. पोरीले सांगता काय, थांब म्हनून?"

मी तीन चिठ्ठ्यांची, तीन पंडितांच्या भांडणाची गोष्ट सांगितली. काही तरी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "आमी तिचं नाव घेत नाही. नाव कायले पायजे? आवाज देल्यानं येते काय ते?"

चैत्रात एका दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. गाडी जुंपेपर्यंत वेळ राहिला नाही. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आत्या आली. बायको म्हणाली, "आत्या, मुळी नाही न व."

"हात तं हाय," आत्या म्हणाली आणि दार लोटलं.

मी अंगणात होतो. पोर रडल्याचा आवाज आला, पण लेकीचं रक्त थांबत नव्हतं, हे मला नंतर कळलं. बायको दोनदा बाहेर आली, पाणी घेतलं, माझ्याकडे न बघता आत गेली. ऊन कलल्यावर आत्या बाहेर येऊन पायरीवर बसली. कोपरापर्यंत धुतलेले हात मांडीवर ठेवले होते. लेक वाचली होती, नातूही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिला धरवला नाही. मी तिच्या ओठांशी धरला.

त्यानंतर आत्या कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलावणं आलं की सांगायची, "मुळीसंगं माहा हातबी गेला." मला उद्देशून ती हे कधी म्हणाली नाही. मुळीत गुण होता की हातात, मला आजही सांगता येणार नाही. एवढं कळतं की तिच्या मनात ते दोन वेगळे नव्हते.

मृगात तिने ते बी धुऱ्यावर त्याच जागी पेरलं. नुसत्या मातीला हळद-कुंकू वाहिलं. त्या साली काही उगवलं नाही. पौषात आत्या गेली. पुढच्या पावसाळ्यात दोन रोपं वर आली. मला ती तणासारखी दिसली, बायकोने ओळखली. आणखी एका वर्षाने फुलं धरली.

मी ते नागपूरला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं. परदेशातला वाद अजून मिटलेला नाही, नाव अडून राहिलं आहे, ताजं रोप फुलांसकट, मुळासकट पाठवाल तर सर्वांवर उपकार होतील. रविवारी सकाळी मी रद्दी काखेत मारली, कुदळ घेतली. बायको दारात उभी होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. सर्वांवर उपकार, हे जरा मोठ्याने.

तिने माझ्या हातातली कुदळ काढून भिंतीशी ठेवली.

"फूल एक घ्या," ती म्हणाली, "तेबी काल झाडाले सांगतलं असन तर. आन त्या साहेबाले लिवा, मूळ पाह्यचं असन तर इकडंच या म्हना. भाकर टाकतो मी."