बंदुकीविना दुर्बिणी

माझ्या चुलत सासऱ्यांपासून उस्मानाबाद जिल्ह्यात काहीही लपून राहत नसे. पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर कुणी देवाला लागतं, कुणी शेतीला. काका दुर्बिणींना लागले. त्याही साध्यासुध्या नव्हेत. जुन्या लढायांत नेमबाजांनी बंदुकीवर बसवलेल्या, आत बारीक फुली असलेल्या लांबट नळ्या. सोलापूर, हैदराबादच्या भंगारातून ते त्या हुडकून आणत आणि काकूंच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत निजवत. लुगडं जुनं झालं की नाही, हेही काकाच ठरवत. एकदा हवालदार चौकशीला आला, “बंदूक कुठंय?” काका म्हणाले, “बंदुकीचं मला काय करायचंय? ती मारती. ही निस्ती बघती.” चहा पिऊन हवालदारही तासभर टेकडीवरून येरमाळ्याच्या एसट्या बघत बसला.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्यांना नको म्हणालो. काका शांतपणे म्हणाले, “कसं जाईल? फाट्यावर दोन प्लेटी भजी हाणलीत की. म्या बघत होतो.” लग्न तरीही जमलं. काकूंना मात्र या नळ्यांचा भारी राग. “डोळा लावून बसायचं न् घरातलं काय दिसायचं न्हाय,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गावाला टँकर सुरू झाला. पण तो रोज अर्धाच भरलेला यायचा. ड्रायव्हर सांगायचा, “टाकी गळती.” घागरीवरून बायकांची भांडणं व्हायची, म्हाताऱ्यांना तोंडं धुवायला पाणी उरत नव्हतं. सोसायटीच्या चेअरमनच्या मळ्यातली मोसंबी तेवढी हिरवीगार होती. संशय सगळ्यांना, पण कर्जाच्या अर्जावर त्याचीच सही लागायची, म्हणून बोलायचं धाडस कुणाला नव्हतं.

काका दोन दिवस टेकडीवर बसले. तिसऱ्या दिवशी खाली आले आणि काकूंना म्हणाले, “चल, तुला दाखवतो.” काकू कुरकुरत चढल्या, त्यांच्यामागं निम्मी आळी चढली. काकूंनी डोळा लावला आणि ओरडल्या, “अगं बया! टँकरचा पाईप लावलाय की मोसंबीला! आपलं पाणी!” मग ती नळी हातोहात फिरली. प्रत्येक बाईनं आपल्या डोळ्यानं बघितलं. घागरी तिथंच टाकून सगळ्या मळ्यावर गेल्या. चेअरमन गुरकावला, “कुणी बघितलं?” काकू पुढं झाल्या, “आमी समद्यांनी बघितलं. तुमच्या अंगावरला मळका बनियन सुदीक बघितला.”

चेअरमननं उपरणं अंगावर ओढून घेतलं. ड्रायव्हरनं मुकाट्यानं पाईप काढला, टँकर परत भरून आणला. काका केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी ताठ बसून गावात शिरले. बायकांनी त्यांना ओवाळलं. पुढं पाऊस पडेपर्यंत टाकी कधी गळली नाही. त्या आठवड्यात काकूंनी ट्रंकेसाठी स्वतः नवं कोरं लुगडं फाडलं.

अखेरच्या वर्षांत काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला ते कधी तयार झाले नाहीत. मी गेलो की मला टेकडीवर न्यायचे, नळी डोळ्याला लावायचे आणि हळूच विचारायचे, “जावईबापू, काय दिसतंय?” मी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायचो, “ज्वारी निसवलीय काका, कणसं डोकावतायत. बांधावर दोन पोरी बसल्यात, एक हसतीय.”

“व्हय, व्हय,” काका म्हणायचे. “डावीकडची.”

मी उजवीकडच्या हसरीकडं बघत असायचो. “डावीकडचीच,” म्हणायचो.