उलट्या ओळीतलं बोंड

साधनाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. अमरावतीच्या मंडीतून मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायची, ऑटोत टाकून बडनेऱ्याला आणायची, जुड्या बांधायच्या आणि स्टेशनच्या रस्त्याला भाजी मांडून बसायचं. ती माझी धाकटी बहीण. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केली. तिच्याइतकी मेहनत तिथंही थोड्यांनीच केली.

तिच्या मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न तेल्हाऱ्याला ठरलं. आता रुखवत भाड्यानं मिळतं. संध्याकाळी मांडतात, सकाळी उचलून नेतात. साधनाला ते नको होतं. निदान रुखवतातलं दाराचं तोरण तरी स्वतःच्या हातचं असावं, एवढाच तिचा हट्ट. पांढऱ्या सुताचं, क्रोशाचं, फुगीर टाक्यांचं तोरण. विणीच्या एकाच घरात पाच खांब विणायचे, सुईवरचा फंदा सोडायचा, पहिल्या खांबातून सुई घालून तो सोडलेला फंदा ओढून घ्यायचा. पाचही खांब गोळा होऊन फुटलेल्या कापसासारखे वर येतात. आमच्या बायका त्याला बोंड म्हणतात.

हे विणणारी नात्यातच होती, तिची मोठी जाऊ मंजुषा.

"तुले कायले पाह्यजे व हे? तुया हाताले मेथीचा वास. सूत हिरवं होऊन जाईन."

"हात धुतो ना मी, बाई. तुमी दाखवा फक्त."

मंजुषानं एक ओळ विणून दाखवली. "हे असं. जाय आता."

साधना भाजीपाशी बसून विणू लागली. पहिल्या ओळीत बोंडं छान वर आली. काम उलटवून दुसरी ओळ घातली, तर सगळी बोंडं मागे बुडाली. तिसरी चांगली, चौथी पुन्हा बुडालेली. तिनं उसवलं. परत विणलं, परत उसवलं. भेगाळलेल्या बोटांत सूत अडकायचं, गिऱ्हाईक आलं की घर चुकायचं.

शेवटी ती मंजुषाकडे गेली. "बाई, एक ओळ येते, एक बुडते. काहून?"

मंजुषा हसली. "बोंडं बी माणूस पाहून फुटतात. भाड्यानं आण ना व. सस्त्यात होते."

दारावर मंजुषाचं स्वतःचं तोरण होतं. साधनानं मागची बाजू बघायला त्याची कड उचलली. मागे लाल अस्तर शिवलेलं.

"मळू नये म्हून लावलं," म्हणत मंजुषानं कड तिच्या हातातून ओढली.

शिकवायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणावं. अर्धं दाखवायचं आणि चुकलेल्यावर हसायचं, याला हरामीपणा म्हणतात. मी मंजुषाच्या घरी जाऊन हेच बोलणार होतो. साधनानं अडवलं. "दादा, तू मंधात पडू नको. मी पाहून घेतो."

तिला कोणी सांगितलं नाही. एका रात्रीत काही सुचलंही नाही. उलट्या ओळीत सुई जिथून जिथून घालता येईल तिथून तिनं घालून बघितली. पुढून, खालून, शेजारच्या खांबातून. मागून पुढे घातली तेव्हा बोंड सुलट्या बाजूला फुगलं. तोवर सूत उसवून उसवून पिंजलं होतं. ते तिनं फेकलं, नवं आणलं, आणि तोरण पहिल्यापासून विणलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रुखवत मांडलं. तेल्हाऱ्याच्या बायका तोरणापाशी थांबल्या. मंजुषा लगेच पुढे झाली.

"मीच शिकोलं तिले, ईनबाई. तिले काही येत नव्हतं."

साधना फराळाची ताटं ठेवत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"खरं हाय. बाईच शिकोतात. बाई, उल्ट्या ओळीत सुई कुठून घालतात, सांगा ना याइले."

"मांगून. मांगून पुढं घ्या लागते," मंजुषा तोऱ्यात म्हणाली.

"मंग हे मले त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

एक विहीण पदर तोंडाला लावून हसली. साधना हसली नाही. ताट उचलून आत गेली. त्यानंतर ती मंजुषाशी बोललेली नाही, आणि बोलावं असं मी तिला सांगणार नाही.

नव्या सुताचे पैसे साधनाच्या भाजीतून आले. ते तोरण आता तेल्हाऱ्याला प्रतीक्षाच्या दारावर आहे. मागे अस्तर नाही. ज्याला बघायचं त्यानं उलटवून बघावं.