रीटा कोस्केलाने नाकारलेला निरोप

रीटा कोस्केलाला गोड स्वभावाची असं गावात कुणी म्हटलं नसतं, आणि म्हटलेलं तिला खपलंही नसतं. आमचं गाव अमेरिकेच्या उत्तरेला, लेक सुपिरियर या सरोवराच्या काठावर, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणींच्या कुशीत. तिच्या लहानपणी मुलींना आइस हॉकीत कुणी घेत नसे. पण गोठलेल्या तळ्यावर गोलमध्ये उभं राहायला कुणी पोरगा तयार नव्हता, म्हणून थोरल्या भावाने, आर्वोने, तिला उभं केलं. रडायचं असेल तर आत्ताच घरी जा, असं त्याने बजावलं होतं. ती गेली नाही. पुढे ओठाला टाके पडले, एक दात गेला आणि त्या फटीतून कानठळ्या बसतील अशी शीळ घालायला ती शिकली.

कॉपर रिज कॉलेजात मुलींचा संघ उभा केला तो तिनेच. सुरुवातीला मुलांचे टाकून दिलेले, घामाने कडक झालेले पॅड पोरींना बांधून ती त्यांना बर्फावर उतरवायची. माझी लेक नोरीन त्या संघाची गोलरक्षक झाली तोवर चांगले पॅड आले होते, रीटाची जीभ मात्र तशीच होती. घरच्या सामन्यांना मी रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेला टेबलावर वेळेचं घड्याळ सांभाळायचे, त्यामुळे ती जीभ दर वेळी जवळून ऐकायला मिळे.

त्या हिवाळ्यात कॉलेजने जाहीर केलं की हंगाम संपला की मुलींचा संघ बंद. विद्यार्थी कमी झालेत, बर्फाची यंत्रं जुनी झालीत, असं कारण दिलं. मुलांचा संघ त्याच बर्फावर, त्याच यंत्रांवर चालू राहणार होता. रीटाने पत्रक वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि सरावाला गेली.

आणि नेमक्या त्याच वर्षी पोरी शेवटची उरलेली जागा पटकावून का होईना, बाद फेरीत शिरल्या. समोर मार्लिन स्टेट कॉलेजचा संघ. त्यांनी आम्हाला हंगामात दोनदा धुतलं होतं. सामना शनिवारी, त्यांच्याच गावात.

गुरुवारी कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख प्रेस्टन हेल कपडे बदलायच्या खोलीत आले. नोरीनच्या पॅडचा तुटलेला पट्टा शिवायला मी तिथेच बसले होते. प्रेस्टन माणूस वाईट नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी रिंकवर गालिचा अंथरून निरोप समारंभ ठेवलाय, असं त्यांनी सांगितलं. जुन्या खेळाडू येतील, फुलं असतील, भाषणं होतील. पोरींना बरं वाटेल, म्हणाले.

"शुक्रवारी आमचा सराव आहे," रीटा म्हणाली.

"रीटा, शनिवारी काय होणार ते आपल्याला माहीत आहे. निदान जाताना मुलींना मानाने जाऊ दे."

"कुठे जाताना? आम्ही खेळायला चाललोय. फुलं मयताच्या घरी न्यायची असतात, प्रेस्टन. मला बर्फ हवाय, गालिचा नको."

केकची ऑर्डर दिली गेलीय, असं ते पुटपुटले. तो मुलांच्या संघाला खाऊ घाला, असं सांगून तिने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

दार लागल्यावर तिने पोरींकडे पाहिलं. अर्ध्या हसत होत्या, अर्ध्यांचे डोळे भरले होते. ती बाकावर बसली आणि आपल्यात काय आहे, काय नाही, ते बोलू लागली. गोड काही नव्हतंच. आपण त्यांच्यापेक्षा हळू आहोत, म्हणाली. मोकळ्या बर्फावर त्यांच्यामागे धावाल तर शनिवारी पुन्हा धुतल्या जाल. तेव्हा मोकळ्या बर्फावर खेळायचंच नाही. पक, ती रबराची चकती, कोपऱ्यात टाकायची आणि कोपऱ्यात जोझेटला सोडायचं.

जोझेट पॅरिझियन बुटकी, आडव्या बांध्याची पोरगी. मैदानाभोवतीच्या फळीला चिकटली की तिच्याकडून पक काढून घेणं महाकठीण. "तुझ्यावर दोघी येतील," रीटा तिला म्हणाली. "येऊ देत. म्हणजे गोलसमोर आपली एक मोकळी." नोरीनला तिने सांगितलं की खालून येणारे फटके तू झोपेतही अडवशील, पण वरचे तुला सुटतात; एखादा सुटला म्हणून चिडून पुढे धावत जाऊ नकोस. माझ्या लेकीचा चेहरा पडला. रीटा खरं तेच बोलली होती.

राहिली टॅरिन व्होल्ड. सगळ्यांत जोरदार फटका तिचा, आणि पुढच्या वर्षासाठी तिने मार्लिन स्टेटमध्येच जागा मिळवली होती. कुणी तिच्याशेजारी बसत नव्हतं. जोझेट सरळ म्हणाली, "हिला खेळवू नका, कोच. ही आत्ताच त्यांची झालीय."

रीटा म्हणाली, "घर पाडायला काढलंय, तर माणसाने दुसरं शोधू नये? तुम्हीही शोधा, मी स्वतः फोन करीन सगळ्यांसाठी. पण शनिवारी गोलसमोर मोकळी उभी राहणारी टॅरिनच. तिच्यासारखा फटका तुझ्याकडे आहे का, जोझेट?"

"नाही."

"मग तिला पक दे."

टॅरिन खाली बघत म्हणाली, की मार्लिनची कोच मला बघत असेल.

"बघू दे. पुढच्या वर्षी काय मिळणार आहे ते कळू दे तिला."

शुक्रवारी गालिचा आला नाही. पोरींनी दमून जाईपर्यंत कोपऱ्यातला खेळ घोटला.

शनिवारी मी प्रेक्षकांत होते, हातात घड्याळ नसल्याने हातांचं काय करावं कळत नव्हतं. पहिल्याच सत्रात नोरीनच्या खांद्यावरून पक आत गेला. वरचा फटका. पण ती पुढे धावली नाही, जागा सोडली नाही, आणि त्यानंतर एकही आत जाऊ दिला नाही. जोझेट कोपऱ्यात दोघीतिघींना अंगावर घेऊन उभी राहायची, आणि मार्लिनच्या चपळ पोरी दुसरं सत्र संपेतो चिडून काठ्या आपटू लागल्या. तिसऱ्या सत्रात जोझेटने फळीच्या कडेने पक काढला, मान वर न करताच मागे दिला, आणि टॅरिनने मारला. बरोबरी.

जादा वेळेत ज्यावर जिंकलो तो गोल अगदी कुरूप होता. टॅरिनचा फटका जोझेटच्या कमरेला लागून आत घरंगळला. पंचांनी दोनदा तपासला. त्या वेळात टॅरिन जोझेटची कमर चोळत होती आणि जोझेट तिला शिव्या देत होती. पंचांनी हात गोलकडे केला तेव्हा दोघी एकमेकींवर कोसळल्या.

पुढच्या शनिवारी उपांत्य फेरीत हरलो, चार गोलांनी, आणि त्यात रडीचा डाव काही नव्हता, तो संघ आमच्याहून फार चांगला होता. संघही बंद झालाच. सामना जिंकला म्हणून कॉलेजचं मत बदललं नाही. रीटाने शब्द दिल्याप्रमाणे फोन केले, आणि ज्यांना पुढे खेळायचं होतं त्या पोरींना जागा मिळाल्या. नोरीनने खेळ सोडला. ती आता नर्सिंग शिकते.

उन्हाळ्यात प्रेस्टन रीटाच्या घरी गेले. संघाची एक जर्सी काचेत घालून रिंकच्या भिंतीवर लावू, नावं कोरू, असं त्यांचं म्हणणं होतं. ती अंगणात सौनासाठी, वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत होती.

"एकही जर्सी देता येणार नाही," तिने सांगितलं. "सगळ्या लागणार आहेत."

हिवाळा लागला तसं तिने चर्चमागच्या मैदानावर पाणी सोडून बर्फ धरवला आणि गावातल्या बायकांना बोलावलं. बँकेतली लिनेट आली, शाळेतल्या दोन मास्तरणी आल्या, कॉलेजातच राहिलेल्या तीन पोरीही आल्या. तिच्या भावाने, आर्वोने, बातमी ऐकून भोवती फळ्या ठोकून दिल्या, न सांगता. मला या वयात तिने गोलमध्ये उभं केलंय. पहिल्या दिवशी माझ्या नडगीवर पक बसला आणि मी खाली बसले, तेव्हा ती जवळ आली, पाय चाचपून पाहिला आणि म्हणाली, "मोडलेला नाही. ऊठ."